मुंबईहून गोव्याला बोट हलवताना: बाहेरून एका दमात की बंदरं घेत घेत?

मुंबईच्या हार्बरमधली शिडाची बोट कायमची गोव्याला न्यायची ठरली, मांडवीत किंवा झुआरीत मुरिंगची (बोट कायम बांधून ठेवायच्या जागेची) सोय झाली, की उरतो तो मार्गाचा प्रश्न. खोल पाण्यात बाहेर जाऊन दोन रात्रींत गोवा गाठायचा, की किनारा धरून रोज संध्याकाळी एखाद्या खाडीत नांगर टाकत आठवड्याभराने पोहोचायचं? दोन्ही प्रकारे बोटी जातात आणि सुखरूप पोहोचतात. मी दोन्ही करून बसलो आहे. आता कोणी विचारलं तर एका पारड्यात थोडं जास्त टाकतो. का, ते पुढे येईलच.

हिशेब धरला आहे तो २८ ते ३४ फुटी, दीड-पावणेदोन मीटर ड्राफ्टच्या (पाण्याखाली तेवढी खोल जाणाऱ्या), २०-३० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन असलेल्या बोटीचा. अशा बोटी चांगल्या वाऱ्यात साडेसहा नॉट काढतात, पण या प्रवासाचं गणित ५ नॉटवरच मांडावं. मैल म्हटलं की सागरी मैल, आणि नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल.

ट्रेलरचा पर्याय २२-२४ फुटांपर्यंतच्या, कील (तळाखालचं वजनी पातं) वर घेता येणाऱ्या बोटीला. त्याहून मोठ्या बोटीची डोलकाठी उतरवणं, दोन्ही टोकांना क्रेन आणि रस्त्यावर आडव्या आलेल्या तारा यांचा विचार केला की समुद्रच स्वस्त वाटतो.

हंगाम एकच, पण खिडकी वेगळी

डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी तळ्यासारखं दिसतं, पण अरबी समुद्रातली वादळं त्याच सुमाराला उठतात. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला कोकणावर आलं. ओखी तर २०१७ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रासमोरून गेलं, म्हणून मी डिसेंबरचाही पहिला पंधरवडा सोडतो. दुसरी खेप मे महिन्यात: तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात गोवा-कोकणाच्या किनाऱ्यालगत वर सरकलं. मांडवीच्या तोंडावरचा अग्वादचा बार (वाळूचा उथळ पट्टा) पावसाळ्यात बंदच असतो, तेव्हा मे अखेरीची घाई कोणीच करू नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे जाळी नाहीत, पण तेव्हाचा समुद्रही आपला नाही.

थेट जायचं तर सलग अडीच दिवसांचं हवामान चांगलं लागतं, बंदरं घेत जायचं तर सात-आठ दिवसांचं, म्हणून थेट प्रवासाची खिडकी सोपी असं म्हणतात. प्रत्यक्षात उलट होतं. बंदरं घेताना निर्णय रोज सकाळी नव्याने घेता येतो. हवामान खात्याचं मच्छीमारांसाठीचं पत्रक आणि इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज पाहायचा, मनासारखं नसेल तर जयगडला किंवा विजयदुर्गला आणखी एक रात्र काढायची. बाहेर गेल्यावर दुसऱ्या दिवशी अंदाज बदलला तर पुढेच जावं लागतं. थेट मार्गाच्या बाजूने एवढं खरं, की वारं बिघडलंच तर खोल पाण्यात बोट जास्त सुरक्षित असते. फुटणाऱ्या लाटांतून खाडीत शिरण्यापेक्षा बाहेर शीड आवळून थांबणं केव्हाही बरं.

"थेट" म्हणजे जवळ नव्हे

मुंबई हार्बरच्या तोंडाशी असलेल्या प्राँग्स रीफच्या दिव्यापासून अग्वादपर्यंत नकाशावर पट्टी ठेवली तर जेमतेम २१० मैल भरतात, पण ती रेघ रत्नागिरीजवळ जमिनीवरून जाते. म्हणजे बाहेर फुगवटा घेणं आलंच.

किती बाहेर, इथे बहुतेकांची चूक होते. मोबाइलची रेंज राहावी म्हणून लोक किनाऱ्यापासून ८-१० मैलांची रेघ धरतात आणि रात्रभर त्याच रेघेवर चालतात. गिलनेट (मासेमारीची वाहती जाळी) सगळ्यात दाट तिथेच, १० ते २५ वाव (वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात. बाहेर जायचं तर खरोखर बाहेर जा. पहाटे साडेसहाला ओहोटीबरोबर सुटा, प्राँग्स ओलांडल्यावर २०० अंशांचा मार्ग धरा आणि दिवसाउजेडी ५० मैल करा. सूर्य मावळताना तुम्ही श्रीवर्धनसमोर, किनाऱ्यापासून २८-३० मैलांवर असाल. तिथून जवळजवळ दक्षिण. दुसऱ्या सकाळी रत्नागिरी डाव्या हाताला २८ मैलांवर असेल. पुढे किनाऱ्याच्या कलाने थोडं आग्नेयेला घेत मालवण २० मैल लांब ठेवायचं, आणि तिसऱ्या दिवशी उजाडताना अग्वादच्या बरोबर पश्चिमेला २५ मैलांवर असायचं. मग पूर्वेला वळून पाच तासांत आत.

हे सगळं मिळून भरतात साधारण २४० मैल आणि ५० ते ५४ तास. दुसऱ्या रात्री वेग बरा मिळाला तर मुद्दाम शीड कमी करावं लागतं, नाहीतर जाळ्यांचा पट्टा अंधारात ओलांडायची वेळ येते. दुसऱ्या रात्री थकलेल्या माणसांना "हळू चला" म्हणणं सोपं नसतं. गोव्याचे दिवे दिसायला लागले की हात आपोआप थ्रॉटलकडे जातो.

बंदरं घेत गेलं तर मुंबई ते दिघी ४० मैल, दिघी ते दाभोळ ४५, दाभोळ ते जयगड २०, जयगड ते विजयदुर्ग ४८, विजयदुर्ग ते मालवण ३३, मालवण ते अग्वाद ४०. खाड्यांत आत-बाहेर धरून २३५. दोन्ही मार्गांचं अंतर सारखंच म्हणायला हरकत नाही.

वारा कुणाच्या बाजूने

हिवाळ्यात किनाऱ्यालगत दिवसाचे दोन वारे. पहाटे जमिनीवरून मतलई येतो, पूर्व-ईशान्येकडून, ८-१० नॉट. किनाऱ्यापासून दोन-चार मैलांत राहिलात तर तो डाव्या कुशीवर मिळतो आणि पाणी सपाट असतं. बोटीला याहून आवडता वारा नाही. दहा-साडेदहाला तो मरतो. बारा-एकपर्यंत इंजिन. मग वायव्येकडून खारा वारा उठतो, उजव्या पाठीवरून, १२ ते १६ नॉट, चार-पाचच्या सुमाराला १८ पर्यंत. या दोन वाऱ्यांवर रोजचे ४५ मैल निघतात आणि इंजिन तीन-चार तासच चालतं.

१५ मैलांपलीकडे मतलईचा जोर ओसरतो. २५ मैलांवर रात्री उरतो तो वायव्येचा मरगळलेला वारा आणि मागून येणारी लाट. पाठवाऱ्यात मेनसेल (मुख्य शीड) आपटत राहतं, बूमला (त्याच्या खालच्या आडव्या काठीला) पुढून दोरी बांधून ठेवावी लागते आणि बोट रात्रभर दोन्ही कुशींवर लोळते. झोपायला गेलेला माणूस बंकवर धरून बसतो. त्यात हिवाळ्यात या किनाऱ्याचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, म्हणजे आपल्या तोंडावर, आणि भूखंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ तळाच्या, कडेकडे तो जास्त जाणवतो. फार नसतो, पण ५ चे साडेचार व्हायला पुरतो. बाहेर मोकळ्या समुद्रात शीड चांगलं चालतं हा समज या किनाऱ्यावर, या महिन्यांत तरी, मला खरा वाटत नाही.

मला नडलेली गोष्ट: रात्रीची जाळी

इथपर्यंत दोन्ही पारडी थोड्याफार फरकाने सारखी आहेत. माझ्यापुरता निकाल लागला तो जाळ्यांवर.

हार्बरच्या तोंडाशी आणि मुंबईच्या उत्तरेला डोलजाळ्यांचे खांब असतात. ते जागेवर रोवलेले, एकदा कळले की कळले. मालवणकडची रापण किनाऱ्याला लागून, तिचा आपल्याशी संबंध नाही. ट्रॉलर जाळं मागे ओढतो. त्याच्या पाठीमागून अर्धा मैल सोडून गेलं की झालं. नडतं ते वाहतं गिलनेट. एका टोकाला होडी, दुसऱ्या टोकाला काठीवर काळा किंवा लाल बावटा, मधे किलोमीटर-दोन किलोमीटर जाळं. वरच्या दोरीला बोये, खालच्या दोरीला शिशाची वजनं. जाळं नायलॉनचं असतं, ते पाण्यात उभं लटकतं. वरची दोरी मात्र पॉलिप्रॉपिलिनची, ती तरंगते. बावट्याची काठी आणि जाळ्याचं टोक यांच्यामधली सैल दोरी पाण्यावर वेटोळी करून पडलेली असते. प्रोपेलरला गुंडाळते ती बहुतेक वेळा हीच.

दिवसा हे सगळं दिसतं. बोयांची रांग उन्हात पांढरी चमकते, बावटा अर्ध्या मैलावरून कळतो आणि तांडेल (होडीचा म्होरक्या) हात करून कुठल्या बाजूने जायचं ते सांगतो. रात्री टोकाला एक लुकलुकणारा छोटा दिवा असतो, कधी लाल, कधी हिरवा, कधी पांढरा, लाटेआड गेला की नाहीसा. मधल्या दोन किलोमीटरवर काहीच नाही. बहुतेक होड्यांवर एआयएस (आपली जागा इतर बोटींना रेडिओवरून कळवणारं यंत्र) नसतं. तुम्ही जवळ जायला लागलात की तांडेल बॅटरी हलवतो, पण ती "इकडून ये" आहे की "इकडे जाळं आहे" हे कळायला मार्ग नाही. त्यातून प्रखर दिवे लावून मासेमारी करणारी एखादी बोट जवळ असली (एलईडीला २०१७ पासून बंदी आहे, तरी दिवे दिसतात) तर पुढची दहा मिनिटं डोळ्यांना अंधारात काही दिसत नाही.

शिडावर चालत असाल, इंजिन बंद असेल आणि लांब कीलची जुन्या घाटाची बोट असेल तर बऱ्याचदा वरची दोरी कीलखालून सरकून जाते. फिन कील (पंखासारखं आखूड पातं) आणि सुटं सुकाणू असेल तर दोरी त्या दोघांच्या मधे अडकते, बोट जागच्या जागी थांबते आणि जाळ्याला पाठीकडून बांधल्यासारखी होते. मागून लाट येत असेल तर ती सरळ कॉकपिटमध्ये. शाफ्टवरचं दोरी कापणारं पातं सुट्या दोरीला उपयोगी पडतं, जाळ्याच्या गठ्ठ्यापुढे ते चालत नाही.

इंजिन चालू असताना गुंडाळलं तर पहिल्या दोन सेकंदांत काय करता यावर सगळं. आवाज जड झाला, आरपीएम पडले की लगेच न्यूट्रल आणि इंजिन बंद. रिव्हर्स टाकून सुटेल या आशेने बरेच जण गिअर मारतात, त्याने दोरी आणखी आवळते. पॉलिप्रॉपिलिन घर्षणाने वितळतं आणि शाफ्टभोवती कडक प्लास्टिकचं कडं तयार होतं. ते शाफ्टला आधार देणाऱ्या कटलेस बेअरिंगकडे सरकतं. सेलड्राइव्ह (बोटीच्या तळातून खाली उतरणारा गिअरचा पाय) असेल तर बारीक नायलॉनचा धागा सीलच्या ओठाखाली शिरतो आणि गिअर ऑइलमध्ये पाणी जातं. ऑइल दुधाळ दिसलं की बोट पाण्याबाहेर काढायची तयारी ठेवा. गोव्याला पोहोचल्यावर प्रत्येक वेळी डिपस्टिक पाहण्याची सवय यातूनच लागते.

सोडवायचं ते दिवसाच, लाट अर्ध्या-पाऊण मीटरपेक्षा जास्त नसताना. शिडं उतरवा. खाली उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी, डोक्याला हेल्मेट; बोटीचा मागचा भाग लाटेवर वरखाली होतो आणि पाण्याखालच्या माणसाच्या डोक्यावर आदळतो. हातात दातेरी पावाची सुरी, मनगटाला बांधलेली. गुळगुळीत धार ओल्या पॉलिप्रॉपिलिनवर घसरते. वितळलेल्या कड्याला हॅकसॉचं पातं लागतं, मुठीशिवाय, चिंधी गुंडाळून. रात्री खाली उतरू नका, कोणी कितीही उत्साह दाखवला तरी. खोली परवडत असेल तर नांगर, नाहीतर शिडावर सावकाश बाहेरच्या दिशेने, सकाळ होईपर्यंत.

आणि जाळं कापू नका, दोरी कापा. एका जागी कापा, दोन्ही टोकं हातात घेऊन पुन्हा गाठ मारा आणि मग सोडा. त्या जाळ्यावर एका घराचा हंगाम असतो. होडी जवळ आली तर थांबून बोला. बहुतेक वेळा गाठ पाहिली की आवाज खाली येतो.

थेट जायचंच असेल तर चंद्र निवडा. पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी निघालात तर चांदणं पहाटेपर्यंत मिळतं. चांदण्यात जाळी कमी पडतात असं तांडेलही सांगतात. त्याने त्रास कमी होतो, संपत नाही. रात्रभर एक माणूस पुढे नाळेपाशी बसवावाच लागतो आणि ऑटोपायलटवर भरवसा ठेवून चहा करायला खाली जाता येत नाही. माझ्या मते हा प्रवास बिघडतो तो इथेच. कोणी म्हणेल मी तीन-चार वेळांच्या अनुभवावरून बोलतो. खरं आहे. पण दिवसा चालणाऱ्याला तो अनुभव घ्यावाच लागत नाही.

बंदरं घेण्यातली कटकट

ती आहे, लपवत नाही. सगळ्यात अवघड गाठ दिघी आणि जयगडच्या मधे. अंतर ६० मैलांच्या वर, हिवाळ्याच्या अकरा तासांच्या उजेडात ५ नॉटने बसत नाही. मधे कुठेतरी थांबायला हवं: हर्णै किंवा दाभोळ. हर्णैला शिरणं सोपं, सुवर्णदुर्गाचा थोडा आडोसा मिळतो, पण वायव्येची लाट आत येते. इराणच्या आखातात शमाल (तिथला वायव्येचा जोरदार वारा) वाहून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी तिथली लाट इथपर्यंत पोहोचते, मग हर्णैला रात्री ताटली टेबलावर राहत नाही. दाभोळच्या आत झोप छान, पण वाशिष्ठीच्या तोंडावर वाळूचा पट्टा आहे आणि ओहोटीचं पाणी लाटेला भिडलं की तिथे लाट फुटते. भरती पूर्ण व्हायच्या दोन तास आधी तोंडाशी असायला हवं. पूर्ण भरती संध्याकाळच्या सुमाराला येते तेच दिवस निवडायचे. उधाणाच्या दिवसांपेक्षा भांगाच्या (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो त्या दिवसांच्या) आसपास ओढ कमी, तेव्हा अष्टमी-नवमीच्या सुमाराला हा टप्पा पडेल असं पाहावं. इन्कॉइसच्या अंदाजात लाट दीड मीटर आणि तिचा काळ (दोन लाटांमधला वेळ) १२ सेकंदांच्या वर दिसला तर दाभोळ सोडा, हर्णैचं लोळणं पत्करा.

बाकीची बंदरं सोपी. दिघीला राजपुरी खाडीत आत, फेरीबोटीची वाट सोडून, चिखलात नांगर. तो चिखल बोट सोडत नाही. जयगडला पाणी खोल, मोठी जहाजं येतात. त्यांचा मार्ग ओलांडून शास्त्रीच्या पात्रात जुन्या जेट्टीपलीकडे थांबायचं. वाट पाहायची तर जयगडसारखी जागा नाही. विजयदुर्ग त्याहूनही शांत. फक्त किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली जुनी भिंत आणि खडक आहेत, तेव्हा अर्धा मैल लांबून वळा आणि वाघोटनच्या खाडीत जेट्टीच्या पुढे नांगर टाका. रत्नागिरीला मिरकरवाड्यात मासेमारीच्या बोटींची इतकी दाटी की मी तिथे शिरत नाही.

मालवणला खडक सगळीकडे विखुरलेले. तिथे दुपारी तीनच्या आत पोहोचा: ऊन पाठीमागून असतं आणि पाण्यातला खडक काळा दिसतो. सकाळी निघताना ऊन पुन्हा पाठीमागे, म्हणजे मालवणची वेळ आपसूक जमते. ढगाळ दिवस असेल तर देवगडला थांबा. मालवणहून पुढे वेंगुर्ला रॉक्सच्या बाहेरून, दोन मैल सोडून. आतल्या बाजूच्या जाळ्यांत वेळ जातो.

दुसरी कटकट कागदांची. २००८ नंतर प्रत्येक जेट्टीवर चौकशी होते: कुठून आलात, कुठे चाललात, बोट कुणाची. ती व्हायलाच हवी. नोंदणी, विमा, क्रूची यादी आणि सगळ्यांची ओळखपत्रं यांचे दहा संच करून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. नांगर टाकायच्या आधीच सागरी पोलीस ठाण्याला फोन करा. नंतर केला तर तोच माणूस तासभर प्रश्न विचारतो. अडचणीत किनारी पोलिसांचा क्रमांक १०९३, तटरक्षक दलाचा १५५४, आणि व्हीएचएफ रेडिओच्या १६ व्या चॅनेलवर कान. बाहेर २५ मैलांवर फोन निरुपयोगी, तिथे व्हीएचएफच.

डिझेलचा फरक फारसा पडत नाही. तासाला अडीच लिटर धरा. बंदरं घेताना रोज चार तास, सहा दिवस, ६० लिटर. थेट मार्गावर वारा पडला तर तीस तास इंजिन, ७५ लिटर. दोन्हीकडे वर एक तृतीयांश जास्त. बंदरांतले मच्छीमार सोसायटीचे पंप सभासदांसाठी असतात. रिक्षाने गावातल्या पंपावर जायचं, २० लिटरचे दोन कॅन आणि कापड लावलेलं नरसाळं बरोबर हवं. टाकी हलली की तळाचा गाळ फिल्टरमध्ये येतो, म्हणून फिल्टरची दोन काडतुसं जास्तीची.

माणसं: बंदरं घेत दोघांना जमतं. थेट जायला पहारा देऊ शकणारी तीन माणसं किमान, चार बरी. तीन तास काम, सहा तास आराम. पहिल्या रात्री कोणीच झोपत नाही, त्यामुळे दुसऱ्या रात्री, किनाऱ्याकडे वळण्याच्या आधीच, सगळे थकलेले असतात.

सुट्टीचे चारच दिवस हातात असतील, चार जाणती माणसं असतील आणि लांब कीलची बोट असेल, तर बाहेरून जा; कमी पडणार नाही. बोट नवी घेतलेली असेल, तिच्या खोड्या अजून कळायच्या असतील, किंवा दोघंच असाल, तर दहा दिवसांची रजा टाका. सहा दिवस प्रवासाचे, बाकीचे थांबण्याचे. दिघीपर्यंतच्या पहिल्या ४० मैलांत काय गळतं, काय सैल होतं ते सगळं कळतं, आणि गरज पडली तर मुंबई एक दिवस मागे असते. बाहेरच्या मार्गावर तीच गोष्ट रात्री दोनला कळते.

दोन्ही मार्गांचा शेवट अग्वादला. मांडवीच्या तोंडावरचा बार भरतीतच ओलांडा, खुणेच्या बोयांमधून. कॅसिनोंच्या दिव्यांकडे बघून नव्हे. गोव्यात पाण्याचा चढउतार उधाणाला दोन मीटरच्या आसपास, मुंबईच्या चार-साडेचार मीटरच्या सवयीने "पाणी चढेल" म्हणून थांबू नका. वेळ चुकली तर अग्वादच्या टेकडीच्या दक्षिणेला वायव्येचा आडोसा मिळतो, तिथे रात्र काढता येते. मोठ्या जहाजांचा मार्ग आणि खोल पाणी हवं असेल तर मुरगाव. मुरिंग पुलांच्या पलीकडे असेल तर डोलकाठीची पाण्यापासूनची उंची, वरच्या व्हीएचएफ अँटेनासकट, निघायच्या आधी मोजलेली असावी.

मुरिंगला बोट लावल्यावर पहिल्याच ओहोटीला साखळी जितकी वर येते तितकी ओढून पाहा. शॅकलच्या (साखळी जोडणाऱ्या कड्याच्या) पिनेला तार गुंडाळलेली नसेल तर स्वतः गुंडाळा, स्टेनलेसची, तीन वेढे, आणि टोकं आत वळवून.